अंतःकरणाचे दार



हैदराबाद शहराच्या पूर्वेस रामंतापूर नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. काही कामानिमित्त तेथील सेंट जॉन्स प्रादेशिक सेमिनरीत चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. सेमिनरीच्या आवारात झाडांची गर्द सावली आहे आणि त्या सावलीत तेलुगू भाषिक तरुण पुरोहितपदाचे शिक्षण घेत असतात. एके दिवशी संध्याकाळी फिरावयास निघालो असता आमच्याबरोबरच्या एका धर्मगुरूंनी सांगितले की, केंद्र सरकारची न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळाही ह्याच रामंतापुरात आहे. रक्ताचा डाग, विषाचा अंश, संशयित हस्ताक्षर, बंदुकीची गोळी अशा नाना वस्तू तेथे येतात आणि शास्त्रज्ञ त्या मुक्या वस्तूंना बोलावयास लावतात. आमच्या मनात आले, केवढा हा योगायोग! एका आवारात तरुणांना दुसऱ्याचे गुपित मरेपर्यंत जपावयास शिकवितात आणि त्याच वस्तीतल्या दुसऱ्या आवारात दडलेले सत्य उजेडात कसे आणावे, ह्याचा रात्रंदिवस अभ्यास चालतो. दोन्ही कामे समाजास आवश्यक आहेत. परंतु ह्या दोहोंमधली सीमा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत राहिला. आज त्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

वस्तूंना बोलावयास लावणे ही एक गोष्ट, आणि माणूस तोंड मिटून बसलेला असताना त्याच्या मेंदूला बोलावयास लावणे ही अगदी निराळी गोष्ट होय. वर्तमानपत्रांतून ‘ब्रेन मॅपिंग’, ‘नार्को’, ‘लाय डिटेक्टर’ हे शब्द आपण वाचतो. एखादा खून झाला, एखादी मोठी चोरी झाली, की पारावर बसलेली मंडळी सहज म्हणून जातात, ‘‘लावा त्याला यंत्र, म्हणजे कळेल सारे!’’ हे यंत्र म्हणजे काय, ते काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे हिताचे आहे.

खोटे बोलणारा ओळखून काढण्याची हाव नवी नाही. आपल्या महाराष्ट्रात मराठेशाहीच्या काळी वाद मिटेना, साक्षीपुरावा जमेना, तेव्हा ‘दिव्य’ करावयास लावीत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढावयाचा, ह्याला ‘रवा काढणे’ म्हणत. मग हाताला पिशवी बांधून तीवर मोहोर करीत आणि काही दिवसांनी पिशवी सोडून हात पाहत. हात निर्मळ निघाला तर माणूस खरा, भाजलेला निघाला तर खोटा! खेड्यापाड्यांतून संशयितांना कोरडे तांदूळ चघळावयास देण्याची रीतही होती. ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडेच राहिले तो चोर, कारण भीतीने तोंडाला कोरड पडते. आता ह्यात मख्खी अशी की, भीती काय केवळ चोरालाच वाटते? आपल्यावर नाहक आळ आला ह्या विचाराने निरपराध माणसाचीही जीभ टाळूला चिकटते. युरोपातही असली दिव्ये सर्रास चालत आणि धर्मगुरू त्यांवर आशीर्वादही देत. अखेर १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना ह्या कामी आशीर्वाद देण्यास मनाई केली आणि दिव्याची प्रथा तेथून ढासळू लागली.

१९२१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन लार्सन ह्या पोलीस अधिकाऱ्याने श्वास आणि रक्तदाब ह्यांची एकत्र नोंद करणारे यंत्र बनविले. तेच पुढे ‘लाय डिटेक्टर’ म्हणून प्रसिद्धीस आले. नीट पाहिले तर हे यंत्र कोरड्या तांदळाचेच सुधारलेले भावंड आहे. ते खोटेपणा मोजत नाही. ते मोजते मनाची खळबळ. खळबळीचे कारण पाप आहे की भय, हे त्याला ठाऊक नसते.

मेंदूच्या परीक्षेचा मार्ग ह्याहून वेगळा आहे आणि तो अधिक चतुर आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या मेंदूत अहोरात्र विजेच्या अतिसूक्ष्म लहरी उठत असतात. त्या व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजाव्या लागतात. १९२४ साली जर्मनीतील येना शहरी हान्स बेर्गर ह्या डॉक्टरांनी मानवी मस्तकाच्या कातडीवरून ह्या लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. फेफऱ्याच्या रोग्यांचा ‘ईईजी’ काढतात तो ह्याच शोधाचा प्रसाद होय. पुढे १९६५ साली अमेरिकेत सॅम्युएल सटन व त्यांचे सहकारी ह्यांना दिसून आले की, अनपेक्षित किंवा अर्थपूर्ण असे काही कानाडोळ्यांवर आले की, सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत एक ठळक लहर उमटते. तिला ‘पी-३००’ असे नाव पडले.

ह्याचे उदाहरण आपल्या अनुभवातलेच आहे. सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात शेकडो माणसांचा गलबला चाललेला असतो, बँड वाजत असतो. त्यातून काहीच स्पष्ट ऐकू येत नाही. तेवढ्यात कोणी आपल्या नावाने हाक मारली, तर मान आपोआप वळते. ओळखीच्या गोष्टीला मन असे आपण न सांगताच उत्तर देते. ह्याच तत्त्वावर १९९१ साली लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डोंचिन ह्या शास्त्रज्ञांनी एक पद्धत मांडली. समजा, चोरीस गेलेली वस्तू चांदीची समई आहे आणि हे चोर व पोलीस ह्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. संशयिताच्या डोक्याला तारा लावून त्याला पडद्यावर घड्याळ, परात, हंडा, समई, कंदील अशी नावे एकामागून एक दाखवावयाची. समईच्या वेळीच ती ठळक लहर उमटली, तर ह्या माणसाला काही ठाऊक आहे असे अनुमान काढावयाचे. तोंडाने एक अक्षरही बोलण्याची गरज नाही. फारवेल ह्यांनी ह्याला ‘मेंदूचे ठसे’ अशा अर्थाचे नाव दिले.

प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ही युक्ती बरीच यशस्वी होते. पण जग म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पहिली अडचण अशी की, हे यंत्र फार तर ‘ठाऊक आहे’ एवढेच सांगते. ‘कसे ठाऊक आहे’ हे सांगत नाही. ज्याने गुन्हा केला त्याला समई ठाऊक, ज्याने खिडकीतून पाहिला त्यालाही ठाऊक, आणि ज्याने वर्तमानपत्रात वाचले किंवा पोलिसांच्याच तोंडून ऐकले त्यालाही ठाऊक. दुसरी अडचण विस्मरणाची. दारूच्या धुंदीत किंवा संतापाच्या भरात गुन्हा करणाऱ्याच्या ध्यानात समई राहिलीच असेल असे नाही. तिसरी अडचण लबाडीची. २००४ साली अमेरिकेतील पीटर रोझेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बिनमहत्त्वाच्या नावांच्या वेळी गुपचूप पायाचे बोट हलविणे अशा क्लृप्त्या शिकविल्या, तर चाचणीला चकविता येते. म्हणजे सराईत निसटावा आणि भोळा अडकावा, असा प्रसंग येऊ शकतो.

आपल्या देशात ह्याच विद्येची एक निराळी शाखा निघाली. बंगळूरच्या ‘निमहान्स’ ह्या विख्यात मानसोपचार संस्थेत पूर्वी काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन ह्यांनी ‘बीईओएस’ नावाची चाचणी तयार केली. तिचा दावा असा की, नुसते ऐकून माहीत झालेले आणि प्रत्यक्ष अनुभवलेले ह्यांतला भेद मेंदूच्या लहरींवरून कळतो. संशयिताच्या डोक्यावर तारांचे टोप चढवितात, त्याने डोळे मिटून गप्प बसावयाचे आणि ‘मी अमुक वस्तू विकत घेतली’, ‘मी अमुक ठिकाणी गेलो’ अशी वाक्ये त्याला ऐकवावयाची.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीस जन्मठेप दिली. तिच्याविरुद्ध इतर पुरावाही मांडला गेला होता. परंतु मुंबईत झालेल्या ह्या मेंदूच्या चाचणीचाही आधार निकालपत्रात घेतला गेला. तिने त्या चाचणीस संमती दिली होती आणि आपण निर्दोष आहोत असेच ती सांगत होती. ही वार्ता साऱ्या जगात पसरली आणि अनेक देशांतील मेंदूशास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी ‘निमहान्स’च्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील सहा जणांच्या समितीने अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून त्या वापरू नयेत, असे मत दिले. पुढे २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीची शिक्षा स्थगित ठेवून तिला जामीन दिला. खून कोणी केला ह्याविषयी येथे काहीही सुचविण्याचा आमचा हेतू नाही. तो अधिकार न्यायासनाचा. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या तराजूची मापे अजून तपासली गेलेली नाहीत, त्या तराजूत माणसाचे आयुष्य तोलू नये.

कायद्यालाही ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास वेळ लागला. २००४ साली बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असल्या चाचण्यांना हरकत नाही असे ठरविले होते. पण ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणाही व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची चाचणी लादता येणार नाही. राज्यघटनेचे विसावे कलम सांगते की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. ही साक्ष जिभेने दिली काय किंवा मेंदूच्या लहरीने दिली काय, सक्ती ती सक्तीच. कोणी स्वखुशीने चाचणी दिली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा ठरत नाही. मात्र अशा स्वेच्छेच्या चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात घेता येते. संमतीही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविली पाहिजे आणि वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे. ९ जून २०२५ रोजी बिहारातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणीच्या संबंधात हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले.

ह्या निर्णयाच्या कितीतरी आधी, ३ ऑक्टोबर १९५३ रोजी, पोप बारावे पायस ह्यांनी रोम येथे दंडविधानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे हाच विषय काढला होता, हे आमच्या वाचकांना ठाऊक नसेल. न्यायाच्या चौकशीतून शारीरिक व मानसिक छळ आणि औषध देऊन मनातले काढून घेण्याचा प्रकार वगळला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांनी कारणे दोन दिली. पहिले हे की, आरोपी खरोखर दोषी असला तरीही अशाने त्याच्या नैसर्गिक हक्काचा भंग होतो. आणि दुसरे हे की, असल्या उपायांनी निष्कर्ष फार वेळा चुकीचे निघतात. ह्या कारणांचा क्रम लक्षात घ्यावा. यंत्र उद्या बिनचूक झाले, तर दुसरे कारण गळून पडेल. पहिले मात्र उभेच राहील.

आता हा सारा खटाटोप आपल्या खेड्यातल्या घरापर्यंत कसा येतो ते सांगतो. काही काळापूर्वी एका सुखवस्तू कुटुंबात आजीची सोन्याची साखळी नाहीशी झाली. संशय गेला घरकामास येणाऱ्या पोरक्या मुलीवर. थोरला मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘फादर, हैदराबादला म्हणे मोठ्या प्रयोगशाळा आहेत. तिथे पैसे भरून यंत्र लावता येईल का? हिच्या डोक्यात काय आहे ते एकदा कळून जाऊ द्या.’’ आम्ही त्या मुलीस बोलावून विचारपूस केली. ती न रडता म्हणाली, ‘‘लावा फादर, आजच लावा. नाही म्हटले तर मीच चोर ठरेन.’’

वाचकहो, तिच्या त्या एका वाक्यात संमतीच्या प्रश्नाचे सारे मर्म आले आहे. जिने नकार दिला तर चोर ठरावयाचे, तिच्या होकाराला होकार म्हणावे काय? आणखी असे की, ती मुलगी रोज ते कपाट पुसत असे. साखळी कोणत्या डबीत आहे, डबीचा रंग कोणता, तिच्याखाली कोणता रुमाल अंथरलेला आहे, हे सारे तिला घरच्या सुनांइतकेच ठाऊक. यंत्र लावले असते तर तिचा मेंदू त्या डबीला ओळखीची खूण देणारच! आणि हीच खूण सुनांच्या, नातवंडांच्या, खुद्द तक्रार करणाऱ्या मुलाच्या मेंदूनेही दिली असती. पण टोप चढावयाचे होते एकाच मस्तकावर, कारण तेच मस्तक गरिबाचे होते. आम्ही त्याला एवढेच विचारले, ‘‘घरातल्या सगळ्यांना लावावयाचे असेल तर सांग, पहिला तू बसशील का?’’ तो गप्प झाला.

त्या घरचा निर्णय अखेर आजीने केला. ‘‘साखळी माझी होती. गेली तर माझी गेली. पोरीचे नाव गेले तर ते कोण घडवून देणार?’’ असे म्हणून तिने मुलीस कामावर ठेवून घेतले. साखळी आजतागायत सापडलेली नाही. ती मुलगी मात्र ताठ मानेने त्या घरात वावरते आहे. त्या आजीस अक्षरओळख नाही. तरीही संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे न्यायशास्त्राचे तत्त्व तिने आपल्या कपाटापाशी उभे राहून पाळले.

आणखी एका गोष्टीने आम्ही स्वतः फार अंतर्मुख झालो. हेच टोप उद्या एखाद्या धर्मगुरूच्या मस्तकावर चढविले तर? पापनिवेदनाच्या वेळी, ज्याला आपण कुमसार म्हणतो त्या वेळी, मनुष्य आपल्या अंतरीचे ओझे पुरोहिताच्या कानी घालतो. ती गोष्ट शब्दाने किंवा खुणेने, कोणत्याही प्रकारे कोणालाही कळू द्यावयाची नाही, असा ख्रिस्तसभेचा अनुल्लंघनीय नियम आहे आणि जो धर्मगुरू तो उघडपणे मोडील तो त्या क्षणीच बहिष्कृत होतो. आमची जीभ आम्ही आवरू शकतो. पण ओळखीचा शब्द पडद्यावर दिसताच मेंदूत उठणारी लहर कोण आवरणार? डॉक्टराला रोग्याचे, वकिलाला अशिलाचे, आईला लेकीचे गुपित ठाऊक असते. त्यांचीही हीच गत. ज्या समाजात मेंदूचे दार बाहेरून उघडता येईल, त्या समाजात विश्वासाने कोणी कोणाशी बोलणार नाही. आणि विश्वासाने बोलावयाचे ठिकाणच उरले नाही, तर पश्चात्तापालाही जागा उरत नाही.

मग गुन्हेगार मोकळे सोडावयाचे काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांनाही अंतःकरण असते आणि त्यांनी न्यायाची अपेक्षा धरणे योग्यच आहे. पण न्यायाला घाई मानवत नाही. विजयवाड्याजवळ डिसेंबर २००७ मध्ये एका विद्यार्थिनीचा निर्घृण खून झाला. लोकक्षोभ उसळला. एका गरीब तरुणाला अटक होऊन शिक्षा झाली. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने ३१ मार्च २०१७ रोजी त्याची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा त्याच्या तारुण्याची आठेक वर्षे तुरुंगात गेलेली होती. त्या मुलीच्या आईबापांनाही न्याय मिळाला नाही तो नाहीच. चुकीचा माणूस पकडला गेला की अन्याय असा दुहेरी होतो. त्यावर उपाय म्हणजे वेळीच आणि नीट केलेला तपास, जपून ठेवलेला पुरावा, रामंतापुरातल्यासारख्या प्रयोगशाळांतून होणारी वस्तूंची कसून परीक्षा, आणि निर्भयपणे साक्ष देणारे तुमच्याआमच्यासारखे नागरिक. साक्षीदार पुढे येत नाहीत, म्हणून तर यंत्राची हाव सुटते!

आणि शेवटी सत्य बाहेर येण्याची एक वाट अशीही आहे की तीवर कोणत्याच यंत्राचा ताबा नाही. हैदराबादेतल्याच ‘सत्यम’ ह्या विशाल कंपनीचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे फुगविलेले हिशेब लेखापरीक्षकांच्या आणि संचालकांच्या नजरेखालून गेले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांनी स्वतःच पत्र लिहून सांगितले की, पुस्तकांत दाखविलेल्या रोख व बँकेतील शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. हा कबुलीजबाब शुद्ध पश्चात्तापाचा होता असे आम्ही म्हणत नाही. संकट गळ्याशी आले होते. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षाही सुनावली. तरीसुद्धा ध्यानात घेण्याजोगे हे की, लपविणे हेच माणसाला किती जड होते! ज्याला ते ओझे पेलवेनासे होते, तो स्वतःच्या हाताने ते खाली ठेवतो.

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. घरात पेला फुटला, पैसे कमी भरले, परीक्षेचा निकाल लपविला गेला, तर पोराला भिंतीशी उभे करून, ‘‘माझ्या डोळ्यांत बघ, म्हणजे कळेल’’ असे म्हणू नका. डोळे खाली घालणारे मूल खोटेच असते असे नाही. कधी ते नुसते घाबरलेले असते. खरे बोलल्यावर काय वाट्याला येते ते मूल पाहून ठेवते. खऱ्याच्या वाट्याला मार आणि खोट्याच्या वाट्याला सुटका येत असेल, तर ते खोटेच शिकेल. शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी आपल्याजवळ पुरावा काय आहे, हे स्वतःस विचारा. गावच्या चव्हाट्यावर कोणाचे नाव घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. सोने पुन्हा घडविता येते, नाव पुन्हा घडविता येत नाही.

अंतःकरणाला दार आहे खरे, पण त्याची कडी आतल्या बाजूस आहे. ती आतून उघडली जावी, असे वातावरण आपल्या घरांतून आणि गावांतून असू द्या.